बिअरचा पैसा आणि शाळा

लंडनला लेकीकडे असताना मी एक दिवस बिअरचे जुने कारखाने बघून आले, असे फोनवर सांगितल्यावर धाकटे दीर म्हणाले, "वहिनी, आता या वयात?" म्हणून सविस्तरच लिहिते.

हे कारखाने केव्हाच बंद पडलेत, इमारती मात्र उभ्या आहेत. नातीने फोनच्या नकाशावर तीन खुणा करून दिल्या: चिझवेल स्ट्रीट, ब्रिक लेन, व्हाइटचॅपल. अंतर सगळे मिळून तीन-साडेतीन किलोमीटर, रस्ता सपाट. गाईड नको, तिकीट नको. बिअर मी कधी चाखलेली नाही आणि बघायला गेले होते त्या नुसत्या विटा. परत आले ती मात्र शाळेचा विचार करत.

चिझवेल स्ट्रीटवर व्हिटब्रेडचा कारखाना. सॅम्युअल व्हिटब्रेडने १७५० साली धंदा इथे आणला. पोर्टर नावाची काळसर बिअर इथे व्हायची. पोर्टर म्हणजे हमाल, आणि ती हमालांची आवडती म्हणून तेच नाव पडले. १७८५ साली इथे वॉटचे वाफेचे इंजिन बसले आणि दोन वर्षांनी खुद्द राजा-राणी कारखाना बघायला आले. ते इंजिन आता सिडनीच्या संग्रहालयाकडे आहे. १९७६ साली इथले बिअर बनवणे थांबले. आता तिथे हॉटेल आणि समारंभाचे हॉल आहेत. मी दारातून डोकावले तर कसल्याशा परिषदेची माणसे गळ्यात बिल्ले अडकवून चहा पीत होती.

मला थांबवले ते त्याच्या मुलाने. त्याचेही नाव सॅम्युअल व्हिटब्रेड, आणि तो खासदार होता. १८०७ साली त्याने पार्लमेंटात एक विधेयक आणले: गरिबांच्या प्रत्येक मुलाला सात ते चौदा या वयात दोन वर्षे तरी फुकट शाळा मिळावी. दोनच वर्षे, मंडळी! तरी एक सभासद उठून म्हणाला की गरीब शिकले तर आपल्या स्थितीवर नाराज होतील आणि चांगले नोकर राहणार नाहीत. खालच्या सभागृहात विधेयक पास झाले, लॉर्डांनी फेटाळले. पुढे १८८२ साली जोतिराव फुल्यांनी हंटर कमिशनपुढे बारा वर्षांपर्यंत सक्तीचे शिक्षण मागितले, तेव्हा आपल्याकडेही असेच बोलणारे होते. माणसे वेगळी, भाषा वेगळी, पण भीती एकच. असो.

तिथून लिव्हरपूल स्ट्रीट स्टेशनवरून पुढे गेले की स्पिटलफील्ड्‌स लागते. तिथला टेन बेल्स पब लोक जॅक द रिपरच्या नावाने दाखवतात. मी थांबले नाही. बायकांच्या खुनांची सहल मला काही रुचत नाही.

ब्रिक लेनवर ट्रुमनचे धुराडे लांबूनच दिसते, त्यावर उभ्या अक्षरांत नाव. एके काळी हा जगातल्या सर्वांत मोठ्या बिअर कारखान्यांपैकी एक होता. १९८० च्या दशकाअखेर तो बंद झाला आणि आता तिथे बाजार, गॅलऱ्या, कपड्यांची दुकाने आहेत. रस्त्यावर बांगलादेशी हॉटेलांची रांग. कोपऱ्यावरची मशीद १७४३ साली फ्रान्समधून पळून आलेल्या प्रॉटेस्टंटांचे चर्च म्हणून बांधलेली. मग ती मेथडिस्टांकडे गेली, १८९८ पासून ज्यूंचे प्रार्थनामंदिर झाली आणि १९७६ पासून मशीद आहे.

या कारखान्याचा एक भागीदार थॉमस फॉवेल बक्स्टन. विल्बरफोर्सनंतर गुलामगिरीविरुद्धची पार्लमेंटातली लढाई त्याने चालवली आणि १८३३ चा कायदा करून घेतला. पण मला भावला तो कारखान्यातला बक्स्टन. मुलाने लिहिलेल्या चरित्रात हकिगत आहे: त्याने कामगारांना गोळा करून सांगितले की आजपासून सहा आठवड्यांनी ज्याला लिहिता-वाचता येणार नाही त्याला काढून टाकीन. नुसती धमकी देऊन थांबला नाही. मास्तर नेमला, शिकायची सोय केली. ठरल्या दिवशी परीक्षा झाली आणि एकालाही काढावे लागले नाही. सहा आठवड्यांत! प्रौढ साक्षरतेचे वर्ग मीही घेतलेत. नोकरीची टांगती तलवार माझ्या हातात नव्हती, आणि असती तरी मी उगारली असती का, कोण जाणे.

तिथल्या एका बाकावर बसले आणि आमची शाळा आठवली. नगर जिल्ह्यातले, साखर कारखान्याजवळचे गाव. शाळेची नवी इमारत कारखान्याच्या देणगीतून झाली. कारखान्याची डिस्टिलरी होती, मळीपासून अल्कोहोल करायची. माझ्या सातवीच्या वर्गातला एक मुलगा पगाराच्या दुसऱ्या दिवशी हमखास गैरहजर असे. आदल्या रात्री बापाला गुत्त्यावरून शोधून घरी आणायचे काम त्याच्याकडे. ज्या वर्गात मी त्याची गैरहजेरी मांडायची त्याच्या भिंतींत मळीचा पैसा होता. माझ्या पगारातही सरकारी आबकारीचा वाटा असणारच. १९३७ साली गांधीजींनी 'हरिजन'मधून याच गोष्टीवर बोट ठेवले होते, की मुलांच्या शिक्षणासाठी दारूच्या उत्पन्नाकडे बघायची वेळ यावी ही क्रूर थट्टा आहे. पण ती इमारत नसती तर पाऊस आला की वर्ग सोडून द्यावा लागे, हेही मी बघितले आहे. हिशेब जुळत नाही, आणि मी तो ओढूनताणून जुळवणार नाही. तो मुलगा दहावी झाला आणि त्याच डिस्टिलरीत कामाला लागला. कधी शिवला नाही म्हणे.

व्हाइटचॅपल रोडवर अॅल्बियन कारखाना, १८०८ चा. १९७९ साली बंद झाला, आता तिथे राहण्याचे फ्लॅट. दर्शनी भागावर सेंट जॉर्ज आणि ड्रॅगनचे कोरीव काम शाबूत आहे. शेजारीच ब्लाइंड बेगर पब. १९६६ साली इथे एका गुंडाने दुसऱ्याला गोळी घातली, लोक फोटो काढतात ते त्यासाठी. पण १८६५ साली याच पबाच्या बाहेर रस्त्यावर उभा राहून विल्यम बूथ लोकांना दारू सोडा म्हणून उपदेश करत होता. त्यातूनच मुक्तिफौज निघाली. नगरकरांनो, आपले बूथ हॉस्पिटल त्याच्याच मुलीच्या, एव्हांजेलिनच्या नावाचे! आमच्या दोन्ही जावांची बाळंतपणे तिथली, आणि आमच्यापैकी कुणीही कधी विचारले नव्हते की हा बूथ कोण.

मी आत गेले, लेमोनेड घेतले, पाय मोकळे केले. वयस्कर बाई एकटी बसलेली बघून काउंटरवरच्या मुलीने खुर्चीला उशी आणून दिली.

कुणी जाणार असाल तर रविवार टाळा, ब्रिक लेनवर बाजाराची तोबा गर्दी असते. वाट संपते तिथून व्हाइटचॅपल स्टेशन पाच मिनिटांवर आहे, आणि २०२२ पासून तिथे एलिझाबेथ लाइन थांबते, तिला लिफ्ट आहे.