सोपा रस्ता कुणासाठी?

मरोळहून सावंतवाडीला गाडीने जायचं तर फोन दोन रस्ते दाखवतो. एक पळस्प्याला वळून मुंबई-गोवा महामार्गाने, कोकणातून. दुसरा द्रुतगती मार्गाने घाटावर चढून, पुणे, सातारा, कोल्हापूर करत निपाणीपर्यंत आणि मग आजऱ्यावरून आंबोली घाटाने खाली. पहिला जवळचा. फोनच्या लेखी विषय संपला.

माझ्या लेखी नाही, कारण सोबत आई असणार होती आणि आईला गाडी लागते. एसटीची खिडकी, हातात लिंबू, मांडीवर पिशवी, असंच ती माहेरी जात आली. त्या धसक्याने चार वर्षं गेलीच नव्हती. कोकण रेल्वे सगळ्यात सोपी, पण या वेळी येताना ८८ वर्षांच्या आजीला कायमचं मरोळला आणायचं होतं. डब्याच्या पायऱ्या तिच्या गुडघ्यांना झेपत नाहीत.

मामेभाऊ म्हणाला, "कशेडीला आता बोगदा झालाय, गोवा हायवेच घे." त्याचंही बरोबर होतं. पण बोगद्याने एक घाट वाचतो. पुढेही तो रस्ता डोंगरांच्या सोंडा चढत, नद्यांच्या खोऱ्यांत उतरत राहतो. वळणं दिवसभर पुरतात. सह्याद्री पश्चिमेला कड्यासारखा तुटतो आणि पूर्वेला हळूहळू उतरतो. त्यामुळे घाटावरचा रस्ता बराचसा सरळ. बोरघाट, खंबाटकी आणि शेवटी सुमारे ७०० मीटर उंचीवरच्या आंबोलीतून दाणोलीपर्यंतचा उतार. त्रास आहे, पण तो कुठे येणार ते ठाऊक असतं. त्याआधी थांबता येतं, पोट हलकं ठेवता येतं.

लांबून जाणं म्हणजे सोपं जाणं, हे रेल्वेवाल्यांना फार आधी कळलं होतं. १८६३ मध्ये बोरघाटातून रेल्वे सुरू झाली, तेव्हा सगळ्यात तीव्र चढसुद्धा ३७ मीटरला १ मीटर एवढाच ठेवला होता. त्यासाठी रूळ डोंगराच्या अंगाने फिरवत नेले.

आम्ही कोल्हापुरात मुक्काम केला आणि सकाळी उजेडात आंबोली गाठली. गाडी चालवणाऱ्याला सहसा गाडी लागत नाही. वळण त्याला आधी दिसतं, शरीर तयार असतं. मागे बसलेल्याचे डोळे सांगतात की आपण स्थिर आहोत, आणि कानातला तोल सांगतो की आपण फिरतोय. या भांडणातून मळमळ होते. म्हणून आईला पुढे बसवलं, लांब रस्त्याकडे बघायला सांगितलं. खालच्या गिअरमध्ये, ब्रेकवर फार न विसंबता उतरत राहिले आणि प्रत्येक वळण आधी मोठ्याने सांगितलं. "आई, आता डावीकडे. आता उजवीकडे, मोठं आहे."

दाणोलीला आई म्हणाली, "एवढाच होता होय गं घाट?" पिशवी घडी घातलेलीच होती.

चार दिवसांनी परत निघालो तेव्हा पुढची सीट आजीला दिली, पाय लांब करता यावेत म्हणून. आई मागे, दोन सीटच्या मधोमध, पुढे झुकून बसली. दाणोली सुटली तशी तिने आजीच्या खांद्यावर हात ठेवला.

"आई, आता डावीकडे हं."

आजी पहिल्या चार वळणांतच झोपली. आई मात्र आंबोली येईपर्यंत सांगत राहिली.