खो देणारीची नोंद

खो-खोच्या गुणपत्रिकेत कोण किती वेळ पळालं आणि कोणी किती गडी टिपले, एवढंच लिहितात. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रातही तेच छापून येतं. ज्या खोवर गडी बाद झाला तो दिला कोणी, हे कुठेच नसतं. आमचे सर नेमकी तीच नोंद ठेवायचे. खिशात मावणारी वही, तिला दोऱ्याने बांधलेली पेन्सिल.

सातारा जिल्ह्यातल्या आमच्या शाळेच्या संघात एक मुलगी भलतीच वेगवान होती. खो मिळाला की तिला बाकी कोणी दिसायचंच नाही. पण या खेळात आक्रमणाला उठलेलीने एकदा दिशा धरली की खुंटापर्यंत मागे वळता येत नाही, मध्यपाटी ओलांडता येत नाही. पळणारी मात्र बसलेल्या दोघींच्या मधून सुळकन पलीकडे जाते. एकटीचा वेग इथे किती पुरणार? ९ मिनिटांच्या डावात ती धापा टाकत राही आणि आम्ही चौरसात बसून बघत असू. हरलो की ती आमच्यावर चिडायची, आम्ही तिच्यावर. डबा खायलाही दोन कंपू.

नवे सर आले तेव्हा वाटलं, आता हिला झाडणार. ते काहीच बोलले नाहीत. नुसते लिहीत राहिले. मग एका संध्याकाळी सराव संपल्यावर त्यांनी यादी वाचली: कोणाच्या खोवर गडी टिपला गेला. पहिलं नाव आमच्यातल्या सगळ्यात संथ मुलीचं! ती उठायची, पळणारी पलीकडे सरकतेय असं दिसलं की तिथल्या तिथे शेजारणीला खो देऊन मोकळी व्हायची. सगळ्या तिच्याकडे बघायला लागल्या. ती बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधत बसली.

पुढे यादी रोज वाचली जाऊ लागली. तिच्यात नाव यावं म्हणून एकदोघी खो मिळण्याआधीच उठू लागल्या. सरांनी त्यांची नावं सगळ्यांसमोर खोडली. वेगवान मुलीला त्यांनी खुंटाशेजारच्या चौरसात बसवलं. खुंटाला हात टेकून सूर मारायला तिच्यासारखी दुसरी नव्हती, आणि आता तिला तिथे खो मिळू लागले. फक्कीने पाळीपाळीने रेषा आखणं, मैदानावर पाणी मारणं हे तर आधीच्या सरांच्या वेळीही होतंच. तेवढ्याने संघ बांधला जात असता, तर आमचा कधीच बांधला गेला असता.

सामन्यात सर बाहेरून ओरडत नसत. पळतीच्या तुकड्यांचा क्रम कर्णधार ठरवायची आणि चुकला तर पुढच्या डावात तीच बदलायची. त्या वर्षी आम्ही जिल्हा जिंकलो. विभागात पहिल्याच सामन्यात बाद झालो, ते सोडा.

जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला. प्रियांका इंगळे आणि प्रतीक वायकर हे भारताच्या महिला आणि पुरुष संघांचे कर्णधार आपल्या महाराष्ट्राचेच, आणि दोन्ही अंतिम सामन्यांत भारताने नेपाळला हरवलं. माझी नजर मात्र सारखी खो देणाऱ्यांकडेच जात होती. अधिकृत गुणपत्रिका बदलेल तेव्हा बदलेल. शाळेत खो-खो शिकवणाऱ्यांनी तोवर आपल्या वहीत एक जादा रकाना आखावा आणि सराव संपल्यावर तो मोठ्याने वाचावा.