त्रेपन्नावा दरवाजा

दिसायला तो अगदी साधा होता. तपकिरी सनमायका, स्टीलची मूठ, डोळ्यांच्या उंचीवर मॅजिक आय. वरच्या कोपऱ्यात बसवलेला क्लोजर त्याला हळूहळू ओढून घ्यायचा, आणि शेवटच्या वितीवर दमलेल्या माणसासारखा त्याचा सुस्कारा ऐकू यायचा. जालना रोडवरच्या एका हॉटेलात, तिसऱ्या मजल्यावर, १० जुलै २०२०च्या सकाळी आमची गाठ पडली. वंदे भारत मोहिमेच्या विमानाने मी मस्कतहून मुंबईला उतरलो होतो आणि तिथून रातोरात गाडीने जिल्ह्यात आलो होतो. कोरोनामुळे परदेशातून येणाऱ्यांसाठी नियम असा होता, की सात दिवस हॉटेलात स्वतःच्या खर्चाने राहायचं आणि पुढचे सात दिवस घरी, वेगळ्या खोलीत. त्याच दिवशी शहरातही १८ तारखेपर्यंतची संचारबंदी लागली. माझ्यामागे तो दरवाजा मिटला आणि शहरही मिटलं.

तेव्हा शहराचं नाव औरंगाबाद होतं. दरवाज्यांचं शहर म्हणूनच आम्ही ते लहानपणापासून ओळखतो. बावन्न दरवाजे, असं घरोघर सांगतात. मलिक अंबरने १६१० साली हेच शहर खडकी नावाने वसवलं, दोनच वर्षांत भडकल दरवाजा उभा केला. भोवतीचा तट पुढे औरंगजेबाने १६८२मध्ये बांधून घेतला. आज तट बहुतेक ठिकाणी पडला आहे आणि जे दरवाजे उरले ते भिंतीवाचून उभे आहेत. मकाई दरवाजातून रिक्षा, दुचाकी, शाळेच्या गाड्या जातात. त्याला अडवायचं कोणी राहिलेलं नाही. या थोरल्यांच्या रांगेत मी माझ्या सनमायक्याच्या दाराला मनोमन बसवलं, कारण त्या आठवड्यात शहराची राखण खरोखर करणारे दरवाजे असेच होते. हॉटेलांचे, वसतिगृहांचे, घरातल्या मागच्या खोल्यांचे.

पहिले चार दिवस मी माझ्या दरवाज्याकडे पाहिलंही नाही. झोप, फोन, छताचा पंखा. ओळख झाली ती शेवटच्या तीन दिवसांत.

त्याची भाषा थोडी होती. दोन टकटक, मग "काका, ताट ठेवलंय," मग चपलांचा आवाज दूर जायचा आणि लिफ्टचं दार सरकायचं. ते सरकल्यावरच मी उघडायचं, असं पहिल्याच दिवशी सांगून ठेवलेलं. बाहेर एक प्लास्टिकचं स्टूल आणि त्यावर वरण, भात, भाजी, दोन पोळ्या. पाचव्या दिवसापर्यंत दाराखालच्या बोटभर फटीतून मी बरंच वाचायला शिकलो होतो. उजेडाची पट्टी दोन जागी तुटली की कोणीतरी उभं आहे. सावली हलत नसेल तर ताट नव्हे, फवारणीवाला. लगेच हायपोक्लोराइटचा उग्र वास आत शिरायचा. दाराच्या आतल्या अंगाला आगीच्या वेळी बाहेर कसं पडायचं याचा नकाशा लावलेला होता. त्यात एक लाल ठिपका होता आणि त्याच्याजवळ लिहिलेलं होतं, "आपण येथे आहात". तो ठिपका मी दिवसातून कितीदा पाहिला असेल!

पाचव्या दिवशी दुपारी दरवाजा पहिल्यांदा माणसासाठी उघडला. पांढऱ्या किटमधली एक मुलगी उंबऱ्यापाशी आली, मला खुर्ची दाराजवळ ओढायला सांगितली आणि स्वॅब घेतला. चष्म्याच्या आत घामाची वाफ धरलेली, तरी आवाजात घाई नव्हती. "झालं बरं का, डोळे पुसा." ती गेल्यावर क्लोजरने दार ओढून घेतलं, आणि त्या सुस्काऱ्याने माझाही श्वास सुटला.

त्या रात्री झोप आली नाही. शहरात कोरोनाचा पहिला रुग्ण १५ मार्चला सापडला होता, आणि तोही परदेशातून परतलेलाच. माझ्यासारख्यांना लोक का बिचकतात ते मला कळत होतं. घाटी रुग्णालयातले वॉर्ड तेव्हा भरत चालले होते. माझी आई पैठण गेटजवळच्या घरात, वय चौऱ्याहत्तर, वीस वर्षांची शुगर. या दाराच्या बोटभर जाडीवर तिचं काय काय टेकलेलं आहे, हे अंधारात फार स्पष्ट दिसलं.

आणि आठवले ते करमाडचे मजूर. हा जालना रोड तसाच पूर्वेला करमाडकडे जातो. मे महिन्याच्या ८ तारखेला पहाटे, जालन्याहून रुळांवरून चालत आपल्या मुलखाकडे निघालेली माणसं थकून रुळांवरच झोपली होती. मालगाडीखाली सोळा जण गेले. परतीची वाट त्यांचीही होती. माझ्या वाटेवर विमान होतं, गाडी होती, पंखा होता, वरण-भात होता आणि पाठीशी मिटून घेणारं दार होतं. त्या रात्रीनंतर पोळी वातड आहे म्हणून मी कुरकुरलो नाही.

सहाव्या दिवशी संध्याकाळी फोन आला, रिपोर्ट निगेटिव्ह. मी आधी घरी कळवलं. आई रडली, मग लगेच म्हणाली, "आता आला ना रिपोर्ट? मग एक दिवस आधी आलास तर काय होतंय? दादाला पाठवते."

सातवा दिवस सर्वांत लांब गेला, कारण दाराची खरी गोष्ट मला त्या दिवशी नीट कळली. त्याला बाहेरून कुलूप नव्हतं. कधीच नव्हतं. मूठ खाली दाबली की ते उघडणार होतं. मकाईला, दिल्ली दरवाजाला दांडगी कवाडं होती, पहारे होते. याच्यावर पहारा फक्त माझा. रिपोर्ट हातात, घर चार-पाच किलोमीटरवर, आणि आईच बोलावते आहे. मी दोनदा मुठीवर हात ठेवला. थंडगार होती ती. "उद्या, आई," फोनवर एवढंच म्हणालो. तिने फोन ठेवला नाही, बोललीही नाही.

१७ तारखेला सकाळी बॅग घेऊन बाहेर पडलो, तेव्हा दरवाज्याची दुसरी बाजू पहिल्यांदा निवांत पाहिली. रोज ताट उचलताना माझी नजर खालीच असायची. खोलीच्या नंबराखाली एक कागद चिकटवलेला होता, त्यावर माझं नाव, आल्याची तारीख, जायची तारीख. त्याखाली बॉलपेनने ओळीने बारीक खुणा, दर ताटाला एक. एका खुणेपुढे लिहिलं होतं, "भात नाही खाल्ला, विचारणे". ती पाचव्या रात्रीची. त्या मुलाचा चेहरा मी कधी पाहिला नव्हता. दुसऱ्या दिवशी भाताऐवजी खिचडी आली होती, ते तेव्हा आठवलं.

घरी माडीवरची खोली आईने धुऊन ठेवली होती. तिचं दार सागवानी, जुनं, कडी-कोयंड्याचं, लावताना करकरतं. रात्री बाहेर ताट ठेवल्याचा आवाज आला, मग कडीवर दोन टकटक. मी उठलो आणि सवयीने कान देऊन उभा राहिलो. पावलं जिना उतरल्याचा आवाज आला नाही. फटीतून पाहिलं, उजेडाची पट्टी दोन जागी तुटलेली होती.

"आई, खाली जा ना आधी."

"चार पायऱ्या उतरते," ती म्हणाली. "पण उघडलेलं दिसलं पाहिजे मला."

मी पायऱ्या मोजल्या. एक. दोन. तीन. चौथीला तिला वेळ लागला. मग मी कडी काढली.