मे हाँग सॉन : सुट्टीतले श्रामणेर

थायलंडच्या वायव्य कोपऱ्यात, ब्रह्मदेशाच्या सीमेलगत, चहूबाजूंनी डोंगरांनी वेढलेले मे हाँग सॉन हे लहानसे शहर आहे. च्यांग माईहून पाय गावामार्गे येणारा घाटरस्ता इतका वळणांचा आहे की ज्यांना गाडी लागते अशा वृद्धांनी त्या वाटेस न जाता विमानच धरावे. शहराच्या मध्यभागी एक तळे असून त्याच्या काठी चोंग खाम आणि चोंग क्लांग ही दोन मंदिरे शेजारी शेजारी उभी आहेत. त्यांची एकावर एक चढत गेलेली छपरे ब्रह्मी वळणाची आहेत. या भागात शान समाजाची मोठी वस्ती असल्याने त्याचे नवल वाटत नाही.

थायलंडमधील शाळांना साधारण मार्चच्या मध्यापासून मेच्या मध्यापर्यंत उन्हाळ्याची सुट्टी असते. या दिवसांत देशभर हजारो मुलगे विहारांत जाऊन तात्पुरती प्रव्रज्या घेतात. कोणी आठवडाभर राहतो, कोणी महिनाभर, क्वचित एखादा तेथेच रमतो. मुंडन करून चीवर धारण करायचे, दहा शिक्षापदे पाळायची, पहाटे उठून अनवाणी भिक्षाटनास निघायचे आणि माध्यान्हीनंतर अन्नास शिवायचे नाही, असा हा क्रम. शान लोकांनी याच विधीला ‘पोय सांग लोंग’ नावाच्या उत्सवाचे रूप दिले आहे. तो मार्चअखेर किंवा एप्रिलच्या आरंभी, बहुधा तीन दिवस चालतो.

पहिल्या दिवशी मुलांचे केस उतरवतात. घरातील मंडळी कमळाच्या पानात किंवा पांढऱ्या कापडात ते झेलून घेतात. मग मुलांना न्हाऊ घालून रेशमी वस्त्रे, दागिने आणि फुलांचा मुकुट चढवतात, चेहरा रंगवतात. सात ते चौदा वर्षांची ही पोरे आता राजपुत्र झालेली असतात. गृहत्याग करण्यापूर्वीच्या सिद्धार्थाचे हे स्मरण. राजपुत्राचे पाय भुईला लागू द्यायचे नाहीत, म्हणून वडील, काका, थोरले भाऊ त्यांना खांद्यावर घेऊन मिरवतात. वर सोनेरी छत्री, पुढे ढोल आणि झांजा. उन्हात खांदेकरी घामाघूम होतात, खांद्यावरचा राजपुत्र मात्र कधीकधी चक्क डुलक्या घेत असतो. तिसऱ्या दिवशी हे सारे वैभव उतरते आणि मुले चीवर धारण करतात.

त्यानंतरचा क्षण आजी-आजोबांसाठी सोपा नसतो. कालपर्यंत जिच्या हातचा घास खात होता, त्या आजीने आता नातवाला स्पर्श करायचा नाही. त्याला वस्तू द्यायची तर समोर पसरलेल्या कापडावर ठेवायची आणि हात जोडून त्याला वंदन करायचे. सत्तरी ओलांडलेल्या बाईने गुडघ्यांवर बसून आठ वर्षांच्या मुलापुढे वाकावे, आणि त्या मुलाला नेमके कुठे पाहावे ते कळू नये, हे दृश्य परक्या माणसालाही हलवून जाते. मुलाच्या प्रव्रज्येचे पुण्य वडीलधाऱ्यांना लाभते अशी तेथील श्रद्धा आहे. त्या श्रद्धेमुळे विरह कमी होतो असे नाही. त्याला एक जागा मिळते, एवढेच.

या विरहाची दखल खुद्द विनयपिटकाने घेतली आहे. बुद्ध कपिलवस्तूस आले तेव्हा बालवयातल्या राहुलला प्रव्रज्या देण्यात आली. पुत्र गेला, नंद गेला आणि आता नातूही गेला, या दुःखाने व्याकूळ झालेल्या शुद्धोदनाने बुद्धांकडे एकच मागणे मागितले : यापुढे आईवडिलांच्या अनुमतीवाचून कोणत्याही मुलाला प्रव्रज्या देऊ नये. बुद्धांनी तसा नियम केला. आजही श्रामणेर होण्यापूर्वी मुलाच्या पालकांची संमती घ्यावी लागते, ती एका आजोबांच्या दुःखामुळे. वयाचीही मर्यादा होती. मात्र रोगाच्या साथीत घरचे सारे गमावलेल्या दोन मुलांना आश्रय देता यावा म्हणून ती शिथिल करताना कसोटी ठेवली गेली ती मुलाला कावळे हाकलता येतात की नाही, याची. मला ही कसोटी फार शहाणपणाची वाटते. मुलाचे वय किती, यापेक्षा तो स्वतःचे कितपत सांभाळू शकतो, हे तीत पाहिले जाते.

ही कसोटी आरोग्याच्या दृष्टीनेही उपयोगी आहे. आपले औषध आपण मागून घेता येते का, रात्री भीती वाटली तर कोणाला उठवावे हे ठाऊक आहे का, अंथरूण ओले झाले तर सांगण्याचे धैर्य आहे का? इन्सुलिन घेणाऱ्या मुलाने दुपारनंतर उपाशी राहणे धोक्याचे आहे; त्याला डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून पाठवूच नये. तूप, लोणी, तेल, मध आणि गूळ ही विनयाने औषध म्हणून दुपारनंतरही ग्राह्य मानलेली पाच द्रव्ये आहेत आणि फळांचा गाळलेला रसही चालतो. पण सायंकाळची भूक गोड पेयांवरच भागवली जाऊ लागली तर तीही चांगली सवय नव्हे. उत्तर थायलंडमध्ये याच महिन्यांत रानात आणि शेतात लावलेल्या आगींचा धूर दऱ्यांत साचून राहतो. समोरचा डोंगर दिसेनासा होतो. दमेकरी नातवंडांना आणि त्यांच्याबरोबर जाणाऱ्या दमेकरी आजोबांनाही ही हवा सोसत नाही.

महाराष्ट्रातही १९५६ च्या धर्मांतरानंतर ही परंपरा नव्याने रुजली आहे. उन्हाळी सुट्टीत ठिकठिकाणी श्रामणेर शिबिरे भरतात आणि चीवर घातलेली आपलीच मुले वस्त्यांतून ओळीने जाताना दिसतात. ज्यांना मुंडन आणि चीवर नको वाटते त्यांच्यासाठी इगतपुरीच्या धम्मगिरीसारख्या विपश्यना केंद्रांची एक ते तीन दिवसांची बाल-आनापान शिबिरे आहेत. त्यांत मुलामुलींना श्वासाकडे लक्ष देण्याचा सराव दिला जातो. ठिकाण कोणतेही असो, आजी-आजोबांनी काही प्रश्न निःसंकोच विचारावेत. रात्री मुलांजवळ कोण झोपते? पिण्याचे पाणी कुठले? भर उन्हात अनवाणी चालवतात का? घरच्यांना केव्हाही भेटता येते का? मूल ‘मला घरी जायचे आहे’ म्हणाले तर काय करतात? या शेवटच्या प्रश्नाला शिस्तीची सबब सांगणाऱ्या ठिकाणी मूल ठेवू नये. थायलंडमध्ये चीवर उतरवून घरी परतणे मुळीच अपमानाचे मानत नाहीत. बहुतेकांसाठी ते आधीपासून ठरलेलेच असते.

परतीच्या दिवशी मुले चीवर उतरवून घरचे कपडे घालतात आणि गृहस्थांची पाच शिक्षापदे घेतात. आता आजीला नातवाला जवळ घेता येते. मेच्या मध्यावर शाळा उघडतात, तेव्हा वर्गातल्या काही मुलांचे केस पेरभरही वाढलेले नसतात.