कोरपन्याची साइट

१२ जून
कोरपना शाखेत डोमेन कंट्रोलर, म्हणजे लॉगिन तपासणारा सर्व्हर, ठेवायचा नाही, हे पक्कं. कुलूपबंद खोली नाही, विजेचा नेम नाही, आणि त्या एका पेटीत साऱ्या संस्थेचे पासवर्ड. विंडोज सर्व्हर २००८ पासून फक्त वाचता येणारा कंट्रोलर मिळतो. पण एवढ्याशा शाखेला तोही कशाला? मात्र सर्व्हर नाही म्हणून डिरेक्टरीत साइटही, म्हणजे शाखेच्या जागेची नोंदही नको, हे मला मान्य नाही. मुख्य कार्यालयाला तसं स्पष्ट सांगितलं.

१३ जून
"लॉगिन होईस्तोवर चहा पिऊन होते जी," काउंटरवरच्या ताई म्हणाल्या. कुठला कंट्रोलर उत्तर देतो ते पाहायला एनएलटेस्ट चालवलं. चंद्रपूरला कंट्रोलर असताना इथले संगणक थेट मुंबईला विचारत होते! इथला सबनेट, म्हणजे इथल्या संगणकांच्या पत्त्यांचा गट, कुठल्याच साइटला जोडलेला नव्हता. अशा संगणकाला कुठलाही कंट्रोलर उत्तर देतो, मग तो किती का लांब असेना.

१६ जून
साइट केली, सबनेट जोडला. रिकाम्या साइटची जबाबदारी सर्वांत कमी खर्चाच्या दुव्यावरचा कंट्रोलर आपणहून घेतो आणि डीएनएसमध्ये तिच्या नावाखाली स्वतःची नोंद करतो. मला ही रचना फार आवडते. पण खर्च, म्हणजे दुव्याला आपण दिलेला आकडा, सगळीकडे मूळचा १०० ठेवला, तर बरोबरी होते आणि जिथे कंट्रोलर जास्त, ती साइट जिंकते. म्हणजे पुन्हा मुंबईच. म्हणून चंद्रपूरचा दुवा ५० केला. खर्च नकाशावरच्या अंतरावरून नव्हे, लाइन जिकडून जाते त्यावरून ठरवायचा. जिवती शाखेची लाइन डोंगर उतरून गडचांदूरवरूनच येते, तिथेही हाच हिशेब.

१९ जुलै
वर्धा नदीला पूर, राजुऱ्याचा पूल बंद. त्यात रस्त्याच्या खोदकामात केबल तुटली. जुनी माणसं तरीही आत गेली, कारण विंडोज मुळात शेवटच्या १० जणांचं लॉगिन त्या संगणकावर जपून ठेवतं. कालच बदलून आलेला कारकून मात्र दिवसभर बाहेरच. त्या संगणकाने त्याला कधी पाहिलंच नव्हतं, आणि ओळख पटवणारा कंट्रोलर चंद्रपूरला. बिचारा शेवटी सोयाबीनवाल्यांचे अर्ज हातानेच भरत बसला.

२१ जुलै
लाइन आली. सर्व शाखांना कळवलं: बदलीवर येणाऱ्याने रुजू होतानाच, लाइन चालू असताना, आपल्या संगणकावर एकदा लॉगिन करावं, पावसाळ्यात तर टाळूच नये. जिवतीचा सबनेट उद्या जोडतो.