मंगळवारची स्थिति

ज्येष्ठ बंधू निवर्तल्यावर त्यांचीं जुनीं पत्रें आम्ही पंचवटींतील घरीं संगणकावर उतरवूं लागलों. उतरून झालेलें मूळ पत्र वहिनींच्या इच्छेप्रमाणें गोदावरीस अर्पण करीत असूं. मध्यंतरीं शुक्रवारीं प्रिंटरसाठीं नवें सॉफ्टवेअर घातलें, आणि यंत्र घडोघडी बंद पडूं लागलें.

नातू म्हणाला, “आजोबा, याला मंगळवारच्या स्थितीला नेऊं.” आमच्या छातींत धस्स झालें. मंगळवारनंतर उतरविलेलीं अकरा पत्रें? तीं तर नदींत गेलेलीं!

त्यानें समजाविलें तें वाचकांसही सांगतों. ही सोय विंडोजमध्यें २००० सालच्या मिलेनियम आवृत्तीपासून आहे. नवें सॉफ्टवेअर येण्यापूर्वीं संगणक बहुधा आपल्या अंतर्गत मांडणीची नोंद ठेवतो. मागें जातांना ती मांडणी तेवढी पूर्ववत् होते, आपल्या लिखाणास हात लागत नाहीं. म्हणूनच चुकून पुसलेलें लिखाणही ती परत आणून देत नाहीं. शिवाय ही सोय अगोदर चालू करून ठेवावी लागते. कित्येक संगणकांत ती बंदच असते.

आमचा विश्वास बसेना. (मास्तरकी सुटली, संशय सुटला नाहीं.) पत्रांची निराळी प्रत पेनड्राइव्हवर घेतल्यावरच होकार दिला.

अर्ध्या तासानें यंत्र सुरळीत झालें. अकराही पत्रें जागच्या जागीं होतीं. बुधवारीं घातलेलें मराठी टंकलेखनाचें सॉफ्टवेअर तेवढें गेलें, तें नातवानें पुनः घातलें.

त्यानंतरचीं मूळ पत्रें मात्र अद्याप आमच्याच पेटींत आहेत. वहिनींस तें कळविलेलें नाहीं.