कुंपणच शेत खाते तेव्हा

आमच्या घरात मिश्री लावल्याशिवाय बायकांचा दिवस उजाडत नाही. आजीचे दात पन्नाशीच्या आतच एकेक करून गळले. कीड एकालाही नव्हती. 'पाच बाळंतपणं झाली, दात जायचेच,' एवढेच ती म्हणे.

खरे कारण काय असावे, ते मला कॉलेजच्या ग्रंथालयात उमगले. दातांवर साचलेल्या थरातील कित्येक जंतूंच्या आवरणात विष असते. ते हिरडीत उतरले की रक्तातील पांढऱ्या पेशी रक्षणास धावतात. हिरडी लाल होते, सुजते. थर तसाच राहिला तर लढाई वर्षानुवर्षे चालते. मग काही जणांत या रक्षकांनीच सोडलेल्या रसायनांनी दात धरून ठेवणारे धागे तुटतात, भोवतालचे हाड झिजते. कुंपणच शेत खाते, ते असे!

१९६५ साली प्रसिद्ध झालेल्या डेन्मार्कमधील प्रयोगात १२ निरोगी माणसांनी दात घासणे बंद केले. तीन आठवड्यांच्या आत सर्वांच्या हिरड्या सुजल्या. पुन्हा घासू लागताच आठवडाभरात बऱ्या झाल्या. झिजलेले हाड मात्र असे परत येत नाही.

आई म्हणते, 'मिश्रीमुळं माझ्या हिरड्यांतून रक्त येत नाही.' तंबाखूने रक्त येणे दबू शकते. रोग मात्र आत चालूच राहतो. घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. 'चार बुकं शिकलीस म्हणून मला शिकवतेस का?' असे ती विचारीलच. विचारू दे. तिचे दात अजून शाबूत आहेत.